विसरण्याचा गुन्हा

उमरखेड तालुक्यातील कापूस वेचणारी एखादी बाई ठरल्या तारखेला औषधे न्यायला आली नाही, की तिच्या नावापुढे शेरा पडतो : ‘औषधात अनियमित’. पुढे तिला समज दिली जाते. गावात तर ‘यांना स्वतःच्याच जिवाची फिकीर नाही’ हे वाक्य तयारच असते. ती का विसरली, हे मात्र कुणी विचारीत नाही. या न विचारण्यालाच आमचा आक्षेप आहे.

एच.आय.व्ही. केवळ रक्तात राहत नाही. संसर्गानंतर थोड्याच आठवड्यांत पांढऱ्या पेशींच्या आडून तो मेंदूत शिरतो. चेतापेशींना तो सहसा थेट ग्रासत नाही. मेंदूच्या रक्षक पेशींत ठाण मांडतो, आणि त्यातून धुमसत राहणारा दाह स्मरण, अवधान व हातांची चपळाई यांना उणेपणा आणू शकतो. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकाराच्या ‘टॅट’ प्रथिनात ३१ व्या जागी एक अमिनो आम्ल वेगळे असते. बंगळूरच्या संशोधकांनी २००४ साली त्याचा परिणाम दाखविला, तेव्हा आपला विषाणू मेंदूला सौम्य असावा, असा दिलासा काहींना वाटला. तो फार टिकला नाही. बंगळूर व पुणे येथील पाहण्यांत उणीव आढळलीच. मात्र रोग बळावलेल्यांचेही बौद्धिक कार्य औषधे सुरू केल्यावर सुधारते, असेही पुण्यात दिसले. म्हणजे ज्या गोळीने विसरणे कमी झाले असते, नेमकी तीच विसराळू हातून सुटते. अशा माणसाला दटावून काय साधणार?

पण यावरून कुणी ‘यांचे डोकेच चालत नाही’ असा निष्कर्ष काढील, तर त्यालाही आमचा तितकाच विरोध आहे. २००७ च्या निकषांनी कोणतीही तक्रार नसलेल्यांनासुद्धा केवळ कसोटीतील गुणांवरून बाधितांत बसविले. कमी गुण म्हणजे मेंदूचा बिघाड नव्हे, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ साली स्पष्ट केले. शाळेची पायरी न चढलेल्या, एस.टी.ने शंभरेक किलोमीटर प्रवास करून यवतमाळला पोहोचलेल्या मजुराचे गुण कमी भरले, तर त्यात विषाणूचा वाटा किती आणि दारिद्र्याचा किती? गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांना रक्ताच्या एका अहवालावरून ६४ दिवस कोंडून ठेवले होते. उद्या अहवाल मेंदूचा असेल, एवढेच! २०१७ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली आहे. पण कायदा शेतावरच्या मुकादमापर्यंत पोहोचतो कुठे?

आमचे मागणे साधे आहे. गोळ्या देताना चार शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारावेत; मराठीत, तांड्यावरच्या माणसाला गोरमाटीत. झोप, दारू, क्षय, उदासी यांचीही चौकशी करावी. घरातील कुणी आठवण देण्यास आहे का, बसभाडे आहे का, हेही पाहावे. शेरा त्यानंतर लिहावा.