वऱ्हाडाने कासे मागावे

धातूचा बारीक कीस द्रावणातून गिळायचा, पोटात तो ‘जाळायचा’ आणि त्या धातूची शक्ती अंगात आणायची. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाच्या २००६ मध्ये आलेल्या ‘मिस्टबॉर्न’ या कादंबरीतली ही विद्या आज जगभरातल्या तरुण वाचकांना तोंडपाठ आहे. तिच्यावरून एक वाद नेहमी रंगतो. यातली एकच शक्ती मिळणार असेल, तर कोणती मागायची?

लोखंड जाळले की आसपासचा धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलाद जाळले की तो दूर ढकलता येतो. कथील पंचेंद्रियांना धार लावते. कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू अंगात बळ भरतो. जस्त दुसऱ्याच्या भावना भडकवते, पितळ त्या थंड करते. तांबे जाळणाऱ्याभोवती एक पडदा तयार होतो आणि त्याच्या आत कोण काय जाळतो आहे याचा बाहेर सुगावा लागत नाही. आणि कासे जाळणाऱ्याला जवळपास कोण, कोणता धातू जाळतो आहे ते कळते. बहुतेकांच्या वाट्याला यातली एकच शक्ती येते. सगळ्या शक्ती असणारा विरळा.

साहजिकच बहुतेकांचा जीव पोलादावर जडतो, कारण पोलाद उडायला शिकवते. जमिनीवर नाणे टाकायचे, त्याला खाली ढकलायचे आणि आपण वर. आपले एक रुपयाचे नाणे लोखंडाच्याच मिश्रधातूचे, फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे असते, त्यामुळे साहित्याची वानवा नाही. कादंबरीतला केल्सियर जमिनीत पुरलेल्या धातूच्या कांड्यांच्या आधाराने एका शहरातून दुसऱ्या शहरात झेपावत जातो. वऱ्हाडात त्यासाठी वेगळ्या कांड्या पुरायचीही गरज नाही. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरपासून अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरपर्यंत ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीचे ७६ किलोमीटरचे अरुंद रूळ आहेत. कापूस वाहण्यासाठी टाकलेल्या या रुळांवर आता गाडी धावत नाही. पोलादाची विद्या असलेल्याला ती वाट पुरेल.

या उड्डाणाला हिशेब आहे. ढकललेली वस्तू आपल्यापेक्षा जड असेल तर ती हलत नाही, आपणच मागे फेकले जातो. न्यूटनचा तिसरा नियम इथेही सुटलेला नाही. शक्तीपेक्षा शक्तीच्या मर्यादा महत्त्वाच्या, असे सँडरसन यांचे लेखनाविषयीचे एक सूत्रच आहे. म्हणून ही निवड करताना फायद्याइतकाच तोटाही तोलावा लागतो.

त्या तोलात बळाचा धातू मागे पडतो. तो जाळून माणूस दिवस-रात्र धावू शकतो, पण धातू संपला की दाबून ठेवलेला सगळा थकवा एकदम अंगावर येतो. अमरावतीला हे बळ धातूवाचून मिळवायची वाट ठाऊक आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. रोजच्या मेहनतीने कमावलेले ते बळ होते. सोनेही या तोलात मागे पडते. कादंबरीत सोने जाळणाऱ्याला आपण कोण होऊ शकलो असतो ते दिसते आणि ते बघणे फार क्लेशाचे असते. ज्या भागात खरिपाच्या बियाण्यासाठी घरातले सोने गहाण पडते, तिथे असा क्लेश कोणी मागून घेऊ नये.

खरा विचार करायला लावतात ते जस्त आणि पितळ. कपाशीच्या, सोयाबीनच्या शेतात झिंक सल्फेट टाकणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला जस्त पिकाची कमतरता भरून काढणारे म्हणून माहीत आहे. कादंबरीतले जस्त माणसाच्या मनाला खत घालते. राग, भीती, आशा, जे आधीच आत आहे ते फुलवते. पितळ तेच दाबते. जमाव उभा करायचा किंवा बसवायचा, तर याहून मोठी शक्ती नाही.

ही शक्ती या मातीने प्रत्यक्ष पाहिली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी होती. चामड्यावर पडणारी थाप आणि कडेच्या धातूच्या चकत्यांची किणकिण, एवढ्यावर हजारोंची सभा हलायची. १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी पेटले, तेव्हा इंग्रज सरकारने महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. एका भजनी माणसाची सरकारला एवढी धास्ती वाटली, कारण तो लोकांच्या मनाला हात घालत होता. पण तो हात सगळ्यांना दिसत होता. कोण गातो आहे, काय मागतो आहे, कशासाठी मागतो आहे, यात लपवाछपवी नव्हती. ऐकणाऱ्याला उठून जायची मोकळीक होती.

कादंबरीतले राज्य याच्या नेमके उलट चालते. ल्युथाडेल या राजधानीतल्या गरीब वस्त्यांमध्ये सत्ताधाऱ्यांनी छुपी ठाणी उभारलेली असतात. तिथे बसलेली माणसे अहोरात्र पितळ जाळून आसपासच्या लोकांची उमेद दाबत राहतात. लोकांना वाटते, आपला स्वभावच असा पडखाऊ. आपली हताशा बाहेरून आणलेली आहे, याचा पत्ता कोणालाच नसतो. ती ठाणी हुडकतो तो मार्श नावाचा माणूस. तो उडत नाही, त्याच्यात दहा जणांचे बळ नाही. त्याच्याकडे फक्त कासे आहे.

म्हणून वऱ्हाडाने कासे मागावे.

हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. पोटासाठी फिरणारी ती माणसे होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्यांवरून अमरावतीत मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला, दुकाने फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट तोडावे लागले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दोन गट भिडले. वाहने जळाली, एकाचा जीव गेला. तीनही ठिकाणी रस्त्यावर उतरलेल्यांना राग आपला स्वतःचाच वाटत होता. त्या रागाला हवा देणारा मजकूर कोणी लिहिला, कोणी पसरवला, त्यात त्याचा काय फायदा होता, हे प्रश्न नंतर पोलिसांनी विचारले. ते आधी, हातात मोबाइल असतानाच पडायला हवे होते.

कोणी म्हणेल, मग तांबे का नको? तांबे जाळणाऱ्यावर जस्ता-पितळेचा परिणाम होत नाही. स्वतःपुरते सुरक्षित राहता येते. पण तो बचाव एकट्याचाच. शिवाय तांब्याच्या पडद्याआड आगलाव्याही तितकाच सुरक्षित राहतो. खोट्या नावाचे खाते आणि बंद ग्रुप हे आजचे तांबेच आहे. काशालाही मर्यादा आहे. कादंबरीत साधारण कासेवाल्याला तांब्याच्या पडद्यापलीकडचे ऐकू येत नाही आणि खऱ्या जगातही प्रत्येक मजकुराचा उगम सापडत नाही. पण कोणीतरी काहीतरी जाळतो आहे एवढी शंका वेळेवर आली, तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

या शक्तीचा एक गुण असा, की ती सरावाने वाढते. कादंबरीत जळणाऱ्या प्रत्येक धातूचा ठोका निराळा असतो आणि कान तयार झालेल्याला त्यावरून धातू ओळखता येतो. खऱ्या काशाची परीक्षाही कानानेच होते. सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील मिळून चांगले कासे होते आणि त्याला लांबणारा नाद येतो. जाणता माणूस भांडे घेताना बोटाच्या टिचकीने वाजवून बघतो. नाद घुमत राहिला तर भांडे अखंड. बद्द वाजले तर कुठेतरी बारीक भेग, मग वरून ते कितीही चकचकीत असो.

वऱ्हाडच्या घरांतली काशाची वाटी सगळ्यांच्या ओळखीची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की रात्री तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून ती गोल गोल फिरवतात. थोड्या वेळात तळवा काळा पडतो आणि अंगातली उष्णता बाहेर आली असे म्हणतात. पायाला आराम पडतो हे खरे. काळेपणा मात्र तूप, घाम आणि काशातले तांबे एकमेकांवर घासल्याने येतो. आराम नाकारायचे कारण नाही आणि काळ्या रंगाचा चुकीचा अर्थ लावायचेही नाही. दिसते ते काय आणि ते कशामुळे, हे वेगळे करून बघण्याची सवय हाताशी असलेल्या वाटीपासूनच लावता येते.

ही सवय लावणारा सगळ्यांत थोर शिक्षक अमरावती जिल्ह्यानेच दिला. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहिले की श्रोत्यांना झुलवत नसत, प्रश्न विचारत. नवसाला बकरे का कापता, कर्ज काढून सण कशाला करता, पोराला शाळेत का घालत नाही. उत्तर समोरच्या माणसाकडूनच काढून घेत. अंगावर आलेली भावना खरी की कोणी घातलेली, हे तपासण्याचा तो जाहीर सराव होता. तुकडोजींची खंजिरी मन पेटवायची, बाबांचे प्रश्न ते मन तपासायचे आणि वऱ्हाडाला दोन्ही मिळाले. आज पेटवणारे उदंड आहेत. तपासणाऱ्यांचा तुटवडा आहे.

व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे वारंवार फिरलेल्या मजकुरावर दुहेरी बाणाची खूणही आली. तंत्राने दिलेले हे थोडेसे कासेच म्हणायचे. पण त्या बाणाकडे बघणारा डोळा माणसाचाच लागतो. एखादा व्हिडिओ बघून रक्त तापले, की तीन गोष्टी विचाराव्यात. हा कुठला आणि कधीचा? माझ्यापर्यंत तो कोणी आणला? आणि मी आता काय करावे, असे त्याला वाटते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पुढे पाठव’ किंवा ‘रस्त्यावर उतर’ असे आले, तर तो व्हिडिओ तिथेच थांबवावा.

अमरावती आणि अकोल्यातली गणेश मंडळे, दुर्गोत्सव मंडळे, मशिदींच्या समित्या आणि प्रत्येक मोहल्ल्याच्या ग्रुपचे ॲडमिन यांनी सणांचे दिवस सुरू होण्याआधी एकत्र बसावे. आपल्या भागात आलेला संशयास्पद मजकूर कोण तपासणार आणि पलीकडच्या वस्तीत त्यासाठी कोणाला फोन करणार, ही दोन नावे ठरवून फलकावर लावावीत. यासाठी धातू गिळावा लागत नाही आणि शासनाच्या आदेशाची वाटही बघावी लागत नाही.