नाव तुमचे, पैसा कोणाचा?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही. कायदा चांगला आहे. पण मुंबईपासून लोकलच्या टप्प्यात असलेल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत त्याच्या पळवाटाही कोणापासून लपून राहिलेल्या नाहीत. सातबाऱ्यावर नाव गावातल्या कोणाचे तरी, पैसा शहरातल्या कोणाचा तरी. कसारा मार्गावर आसनगाव आणि खर्डी यांच्या मधल्या आटगाव स्टेशनात उतरून चहाच्या टपरीवर ‘ही जमीन कोणाची?’ असे विचारले, तर ‘नावाने कोणाची, की खरी कोणाची?’ असा उलट प्रश्न येण्याचीच शक्यता जास्त. बेनामी व्यवहाराविरुद्ध १९८८ साली कायदा झाला, २०१६ साली तो कडक झाला. तरी नाव उसने देण्याची सवय काही सुटली नाही. आता ती जमिनीवरून उठून बँकेत जाऊन बसली आहे.

२०१४च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली आणि पाड्यापाड्यांवरच्या कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांच्या हाती पासबुके आली. दरवर्षी वीटभट्टीवर जाण्यासाठी उचल घेणाऱ्या माणसाचे बँकेत खाते असणे ही मोठीच गोष्ट होती. पण २०१६च्या नोटाबंदीत देशभर अनेकांना एकदम कळले की, रिकाम्या खात्यालाही किंमत असते. पुढे समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातल्या जमिनी गेल्या आणि ज्या शाखांनी कधी लाखाचा आकडा पाहिला नव्हता, तिथे मोबदल्याच्या रकमा येऊ लागल्या. अशा गर्दीत एखाद्या खात्यात अचानक मोठी रक्कम आली, तरी कोणाची भुवई उंचावत नाही. हे बँकेच्या साहेबाच्या आधी दलालाच्या लक्षात येते.

कायद्याच्या मराठीत या उद्योगाला ‘धनशोधन’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावे, कोणी गुप्तधन शोधायला निघाले आहे! प्रत्यक्षात ही धुलाई असते. फसवणुकीचा, लाचेचा, अमली पदार्थांचा पैसा आधी कोणाच्या तरी खात्यात घुसवायचा, मग चार-आठ खात्यांतून इतका फिरवायचा की मूळ सापडू नये, आणि शेवटी गोरागोमटा करून बाहेर काढायचा. यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना साबण लागत नाही, नावे लागतात. तीही साध्या माणसांची.

२०२४च्या नोव्हेंबरात मालेगावचे प्रकरण बाहेर आले ते याच जातीचे. एका सहकारी बँकेच्या शाखेत स्थानिक तरुणांच्या कागदपत्रांवर खाती उघडली गेली. बाजार समितीत नोकरी लावतो, असे त्यांना सांगण्यात आले होते, असा आरोप आहे. थोड्याच दिवसांत त्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरल्याचे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. पण नोकरीच्या आशेने आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती देणारा मुलगा कोणत्याही घरात असू शकतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. काही रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळती झाली. ११ तारीख म्हणजे दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. हा योगायोग मानायला मी तयार नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावल्या. ही माणसे एटीएमसमोर उभी राहून पैसे काढण्याच्या साखळीतली. ज्यांच्या डोक्यातून ही योजना निघाली, ते देशाबाहेरच राहिले.

मग या अकरा जणांना तुरुंगात टाकून आपण नेमके काय शिकलो? शिक्षा व्हायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांना कोणी गाठले, काय शब्द वापरले, कार्ड हातात देताना काय बजावले, हे ज्ञान सध्या फायलींत पडून आहे. आपल्याकडे म्हण आहे, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. ती आपण फक्त टोमणा म्हणून वापरतो. तिच्यातला सल्ला कोणी मनावर घेत नाही.

तो घेतला तर काय मिळते, हे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात दिसले. २०१९च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयांवर काढता येईनात. त्याच सुमारास व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. एचडीआयएल समूहाची थकलेली कर्जे लपवण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ खोटी खाती दाखवली, हे त्यात होतेच. माझ्या मते त्याहून मोलाचे वाक्य दुसरेच होते. लेखापरीक्षकांना वेळ अपुरा असल्याने ते सगळी खाती न तपासता फक्त नव्याने वाढलेली कर्जे पाहत, असे थॉमस यांनी लिहिले होते. जुन्या ढिगाऱ्याकडे कोणी बघत नाही, म्हणून घाण तिथे लपवायची! असे वाक्य कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात सापडायचे नाही. ते लिहायला आतला माणूसच लागतो.

परदेशात या आतल्या माणसाचा उपयोग करून घेतला जातो. मियामीतला केनेथ रिजॉक हा वकील १९८०च्या दशकात अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचा पैसा धूत असे. तुरुंगवास भोगून बाहेर आल्यावर तो गुन्हेगारांच्या त्याच वाटा पोलिसांना आणि बँकांना दाखवू लागला.

अर्थात, सुधारलो म्हणणारा प्रत्येक जण सुधारलेला नसतो. १९९२च्या रोखे घोटाळ्यानंतर हर्षद मेहता पुन्हा बाजाराचे जाणकार म्हणून मिरवू लागले, वर्तमानपत्रात स्तंभ लिहू लागले, आणि वाचकांनी त्यांच्या शब्दावर शेअर घेतले. पुढे १९९८मध्ये बीपीएल, व्हिडिओकॉन आणि स्टरलाइटच्या भावांत केलेल्या खेळासाठी सेबीने त्यांच्यावर बंदी घातली. ठाण्याच्या कारागृहात असताना, ३१ डिसेंबर २००१ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्याकडून बाजार कसा फसवला हे ऐकायचे होते. आपण बाजारात काय घ्यावे हे विचारत बसलो. जुन्या गुन्हेगाराला साक्षीदार म्हणून बसवावे, गुरू म्हणून नव्हे.

माणूस सुधारतो यावर महाराष्ट्राचा विश्वास जुना आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर वसले, तिथे कैद्यांना भिंतीवाचून शेती करत राहू दिले. शांतारामबापूंचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून सुचला. तिथे कैदी समाजाकडून शिकत होते. आता समाजाने थोडे त्यांच्याकडून शिकावे, एवढेच म्हणणे आहे.

हे अवघड नाही. १९५८च्या परिविक्षा कायद्याने न्यायालयाला अनेक गुन्ह्यांत आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. खाते भाड्याने देऊन फसवणुकीत अडकलेला, पहिल्यांदाच सापडलेला विशीतला मुलगा असा सुटला, तर त्याने बँकेच्या शाखेत, आयटीआयमध्ये, कॉलेजात चार वेळा उभे राहून सांगावे. दलाल आधी गरज हेरतो; फी थकलेला विद्यार्थी, दवाखान्याच्या बिलात सापडलेले घर. मग पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड मागतो. पहिल्यांदा छोटी रक्कम येते, ती चाचणी. मग मोठी येते आणि काही मिनिटांत निघून जाते. ‘तुला काय करायचे आहे, तुझे पैसे थोडेच जातात?’ हे वाक्य तो ज्या आवाजात म्हणतो, तो आवाज ऐकलेल्या पोराने सांगितला, तर ऐकणाऱ्याच्या कानात राहतो. शाखेच्या भिंतीवरचे इंग्रजी-मराठी भित्तिपत्रक राहत नाही. आणि पोरांना हेही कळेल की, पैसे जाणार नाहीत हे खरे असले, तरी खाते गोठते. माहीत असून मदत केल्याचे सिद्ध झाले, तर २००२च्या कायद्यात तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे.

बँकवाल्यांनीही समोर बसावे. खात्यांच्या लकबींवरून भाड्याची खाती हुडकणारी संगणकप्रणाली रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने २०२४च्या अखेरीस पुढे आणली, तिचे स्वागत आहे. पण खाते उघडायला आलेल्या मुलाच्या मागे दारात उभा राहून फोनवर बोलणारा माणूस तिला दिसणार नाही. तो दिसतो शिपायाला आणि कॅशियरला.

ज्यांनी खाते दिले आहे आणि आता झोप लागत नाही, त्यांनी आजच्या रविवारी घरी बोलावे, उद्या शाखेत जाऊन लेखी कळवावे, सिम बंद करावे. फसवणुकीची शंका असेल, तर १९३० या क्रमांकाला रविवार नसतो. येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा भरेल, तेव्हा विषयपत्रिकेवर हा एक विषय घेता येईल. पोलीस ठाण्याला पत्र दिले, तर बोलायला तयार असलेला कोणी ते सुचवू शकतील. बोलावताना गावाने दोनच अटी पाळाव्यात: त्याचे गाव विचारायचे नाही आणि मोबाइलवर फोटो काढायचा नाही.