आधी पाणी, मग फडकं

शर्टाचं टोक ओढून कोरडाच चष्मा पुसणाऱ्या माणसाचा मला राग येतो. किनवटमध्ये हा राग रोज येतो, कारण बसस्थानकापासून तहसीलच्या व्हरांड्यापर्यंत सगळे हेच करतात. शर्ट नसला तर दस्ती, दस्ती नसली तर गमछा, म्हाताऱ्यांच्या हाती धोतराचा सोगा, बायांच्या हाती पदर. ‘हाऽऽ’ करून काचेवर श्वास सोडायचा आणि अंगठ्याखाली कापड धरून गोल गोल घासत बसायचं. वर्ष सरत नाही तोवर नवी काच धुरकट होते. मग म्हणायचं, “नंबर वाढला वाटतं.” नंबर बहुतेक वेळा होता तिथंच असतो. काच घासून बाद झालेली असते, आणि ती बाद करणारा हात चष्मा घालणाऱ्याचाच असतो.

आमच्याकडच्या हवेत काय असतं ते एकदा बघा. रस्त्याचं काम निघालं की मुरूम आणि खडीची धूळ महिनोन्‌महिने खाली बसत नाही. सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुस्कट उडतं. त्यामागून कापसाचा हंगाम येतो, जिनिंगच्या आसपास तंतू तरंगत राहतात. या सगळ्याला धरून ठेवायला घाम आणि डोक्याचं तेल तयारच असतं. मुरमाच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि सगळा घोळ तिथं आहे. खनिजांच्या कठीणपणाची जी मोहस्‌ची मोजपट्टी आहे, तिच्यावर गारगोटी सातव्या पायरीवर बसते. साधी काच साडेपाचच्या आसपास. आजचं चष्म्याचं प्लॅस्टिक त्याच्याही कितीतरी खाली. ही धूळ काचेवर असताना वरून कापड दाबून फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं. तोंडाच्या वाफेनं काच नुसती ओलसर होते. कण वाहून जायला लागतं तेवढं पाणी त्या वाफेत नसतं.

आजोबांचा चष्मा खरोखरच्या काचेचा होता. जड होता, पडला की फुटायचा, पण सोग्यानं पुसला तरी बरीच वर्षं तग धरायचा. पुसण्याची रीत आपण त्यांच्याकडून घेतली, आणि दरम्यान भिंग बदललं. सीआर-३९ नावाचं प्लॅस्टिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीनं तयार केलं. १९४७ मध्ये त्याची चष्म्याची भिंगं निघाली, आणि पुढे प्लॅस्टिकनं काचेला जवळजवळ हद्दपार केलं. हलकं, सहजासहजी न फुटणारं, आणि चरे पडायला मऊ. त्यावर आता हिरवट-निळसर चमक मारणारा थर येतो. तो नसेल तर साध्या प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजू मिळून आठेक टक्के उजेड परतवून लावतात. तो उजेड वाचवायला हा थर असतो. त्याची सगळी जाडी माणसाच्या केसाच्या शंभराव्या भागाइतकीही नसते. एवढ्या नाजूक गोष्टीवर आपण गुडघ्याची माती पुसलेली दस्ती चालवतो.

तंबाखूची गोष्ट तर कुणी बोलतच नाही. तळहातावर चुना मळायचा, चिमूट ओठाखाली सोडायची आणि त्याच बोटानं घसरलेला चष्मा वर ढकलायचा. चुना कडक अल्कली आहे. त्या थराला तो चालत नाही, आणि त्याचे वाळलेले कण खरखरीत असतात ते वेगळंच. खर्रा खाणाऱ्या कितीतरी जणांच्या भिंगाच्या खालच्या कडेला पांढरट डाग कायमचा बसलेला मी पाहिला आहे. चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या भिंगावर तेलकट काजळी आणि भाकरीचं पीठ यांचा मिळून थर चढतो. पदरानं तो निघत नाही, नुसता पसरतो. तिला दिवसभर धुक्यातून बघावं लागतं आणि घरातला एकही जण उठून तिचा चष्मा धुऊन देत नाही. तिच्याच हातची भाकरी खाणाऱ्यांनी याची लाज बाळगावी.

पण माझा खरा रोख चष्मा वापरणाऱ्यावर नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. ज्यांनी शिकवायचं, ते चष्मा नाकावर ठेवून मोकळे होतात.

या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. शाळकरी मुलांना आणि चाळिशीच्या पुढच्यांना सरकारी खर्चानं चष्मे देण्याची त्यात सोय आहे. मराठवाड्याला नेत्रसेवेचं मोल सांगायची गरज नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी देशभर नाव झालेले डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे. खेड्यापाड्यांत, तांड्यांवर, गुड्यांवर शिबिरं होतात आणि ती झालीच पाहिजेत. मी अशा शिबिरांना गेलो आहे. मंडप असतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ असतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एकेका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा चढवताना फोटो असतो. भाषणं तासभर चालतात. हा चष्मा धुवायचा कसा, ठेवायचा कुठं, हे सांगायला दोन मिनिटं कुणाकडे नसतात. म्हातारा गावी जातो आणि त्याच संध्याकाळी सोग्यानं पुसायला लागतो. काही महिन्यांनी त्याला दिव्याभोवती वलयं दिसू लागतात, समोरून ट्रक आला की सगळंच पांढरं होतं. तो म्हणतो, “ऑपरेशन बिघडलं.” गावात तेच पसरतं, आणि मोतीबिंदू पिकलेल्या शेजारणीचा मुलगा तिला शिबिराला नेत नाही. अशी बाई माझ्या ओळखीत आहे. एका फडक्याच्या अज्ञानापायी ती अजून चाचपडते आहे.

हा नुसता दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन बघितलं, तेव्हा चष्मा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’नं हा अभ्यास छापला. आमच्याकडे कापूस वेचणारी, ब्लाऊज शिवणारी, तांदूळ निवडणारी बाई त्याच वयाची असते. तिला मिळालेला चष्मा चरे पडून धुरकट झाला, तर तिच्या मजुरीतला वाटा कुणी कापला? आणि आश्रमशाळेतल्या पोराला फळा दिसत नाही म्हणून तो मागं पडला, तर ‘लक्ष देत नाही’ असं म्हणण्याआधी गुरुजींनी त्याच्या नाकावरचा चष्मा उजेडाकडे धरून बघितला का?

दुकानदारांची तऱ्हा आणखी संतापजनक. कोटिंगचे पैसे वेगळे घेतात, ‘स्क्रॅच येत नाही’ असं बिनदिक्कत सांगतात. चरा न येणारं प्लॅस्टिकचं भिंग अस्तित्वात नाही. उशिरा येणारं आहे. डबीत एक मऊ कापड कोंबतात आणि विषय संपतो. ते कापडही खिशात राहून धुळीनं भरतं, ते धुवावं लागतं, हे सांगत नाहीत. एका दुकानदाराला मी विचारलं, तर म्हणाला, “साहेब, काच टिकली तर गिऱ्हाईक परत कवा येईल?” हे वाक्य मी विसरणार नाही. ज्या मजुराचा दोन दिवसांचा रोज त्या गल्ल्यात पडतो, त्याच्याशी ही सरळसरळ लबाडी आहे.

करायचं असतं ते इतकं साधं, की न सांगणाऱ्यांचा राग दुप्पट होतो. आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. चुना आणि तेल तिथंच जाऊ द्या. मग नळाखाली किंवा तांब्यानं काचेवर थंड पाणी सोडा. बोट लावू नका, पाण्याला धूळ नेऊ द्या. त्यानंतर भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब घेऊन बोटाच्या पेरानं दोन्ही बाजू, कडा आणि नाकावरच्या गाद्या हलक्या चोळा. मळ सगळ्यात जास्त गाद्यांपाशी असतो. पुन्हा पाणी, एक झटका, आणि स्वच्छ धुतलेल्या जुन्या सुती कापडानं टिपून घ्या. गरम पाणी नको, कपड्यांची पावडर नको. चरे जावेत म्हणून टूथपेस्ट चोळणारे महाभाग आहेत. पेस्टमध्ये घासणारी पूड असते, तिनं उरलेला थरही जातो. गॅरेजवाल्यांनी थिनर तर लांबच ठेवावं, काही प्लॅस्टिकं त्यानं तडकतात, फ्रेमही खराब होते. बोअरचं पाणी जड असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका, पांढरे ठिपके बसतात. शेवटची धार फिल्टरच्या पाण्याची घ्या.

“उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, अन्‌ चष्मा धुता?” असं मला चारचौघांत ऐकवलं गेलं आहे. अर्धं फुलपात्र पाणी लागतं. तेवढं रोज सकाळी तोंड धुताना सांडतं. टँकरवर जगणाऱ्या गावाला पाण्याची किंमत मी शिकवणार नाही, पण त्याच गावातल्या माणसाला नवा चष्मा परवडत नाही, हेही त्याच तोंडानं मान्य करा.

आणि ऊन. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या बोनेटवर, जीपच्या काचेमागं चष्मा टाकून देणारे रोज दिसतात. उन्हानं प्लॅस्टिक फुगतं, वरचा थर तेवढा ताणला जात नाही आणि त्यात बारीक भेगांचं जाळं उठतं. ते पुसून जात नाही. चष्मा काढला की डबीत. डबी नसेल तर भिंग वर करून ठेवा, दांड्या खाली.

आरोग्य खात्याला, शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना, आमच्या पुढाऱ्यांना माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी हारांच्या टेबलाशेजारी एक बादली, एक तांब्या, साबणाची बाटली आणि धुतलेल्या सुती फडक्यांची चळत ठेवा. ज्याला चष्मा द्याल, त्याच्याकडून तो तिथंच एकदा त्याच्या हातानं धुऊन घ्या. एक फडकं त्याच्या डबीत घाला. मगच पुढच्याचं नाव पुकारा.