कर्करोगाच्या वॉर्डात सुगंधी तेल: दिलासा किती, भ्रम किती?

जळगाव-धुळ्याकडून कर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात नेताना पिशवीत रिपोर्टांच्या जोडीला हल्ली एखादी सुगंधी तेलाची बाटलीही असते. कुणीतरी सांगितलेले असते, 'हे हुंगवा, टेन्शन उतरते.' कुणी त्याही पुढे जाऊन 'गाठ विरघळते' असे सांगतो. पहिल्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. दुसरे धादांत खोटे आहे, आणि त्या भरवशावर केमोथेरपी लांबणीवर टाकली तर रुग्ण जिवाला मुकू शकतो.

'अरोमाथेरपी' हे नाव रेने मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने रूढ केले. त्याचे पुस्तक १९३७ सालचे. आपल्याकडे मात्र सुगंधी तेल त्याआधीपासून निघत होते. पिंपळनेर, नंदुरबारच्या भागात इंग्रजी अमदानीत रोशा गवताच्या तेलाच्या भट्ट्या लागत. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथे महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई! तेव्हा आजच्या बाटलीवर 'शुद्ध' छापले आहे म्हणून हुरळून जाऊ नये.

ब्रिटनमध्ये २८८ कर्करुग्णांवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुगंधी तेलाने मालिश केलेल्यांची चिंता व खिन्नता सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा कमी दिसली. दहाव्या आठवड्यात हा फरक उरला नाही. पुढे २०१६ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ठोस निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही असेच आढळले. माझे मत विचाराल तर निम्मे काम सुगंधापेक्षा हाताचा स्पर्शच करत असावा. पण रात्री छताकडे बघत पडलेल्या माणसाला चार घटका बरे वाटत असेल, तर त्याला नाही का म्हणावे? इस्पितळात रक्त, लघवी सगळे तपासतात. 'भीती वाटते का?' हे विचारायला मात्र कुणाला सवड नसते.

वासाची एक दुसरी बाजू आहे आणि ती नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. केमोच्या काही खेपा झाल्या की कित्येकांना सलाईन लागण्याआधीच, नुसत्या स्पिरिटच्या वासाने मळमळते. मेंदू वास आणि ओकारी यांची गाठ बांधून ठेवतो. म्हणून आईला मोगरा आवडतो, तर नेमका केमोच्या दिवशी मोगरा हुंगवू नका. पुढे गजराही नकोसा व्हायचा. खरी फुले तर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाजवळ नेऊच नयेत, जंतुसंसर्गाची भीती असते. अगरबत्तीही नको. धुराने खोकला येतो, आणि ऑक्सिजन चालू असेल तर ठिणगीने आग भडकते.

तेल वापरायचे असेल तर आधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला सांगा. रुमालावर एक थेंब पुरतो. हातापायांना चोळायचे तर दोन चमचे खोबरेल तेलात दोनच थेंब. शेक दिलेल्या जागी, जखमेवर किंवा सुईच्या जागेजवळ अजिबात नाही. पोटात तर थेंबभरही घेऊ नये. निलगिरीचे तेल विषारी ठरते, लहान मुलांना तर थोडेसुद्धा. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही तो वास सोसतो का, हे विचारून घ्या. रुग्णाने तोंड फिरवले तर रुमाल मुकाट्याने बाहेर न्यावा आणि नुसता हात हातात घेऊन बसावे.