मोज्यांची ऑर्डर आणि तुटलेले बोट

भोरच्या पेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. वेल्हे तालुक्यातील (हल्ली त्याला राजगड म्हणतात) गिऱ्हाईक लग्नसराईत आमच्याकडेच येते. कापडाबरोबर आम्ही कारखान्यांना सुती हातमोजेही पुरवतो. डझनावर जाणारा माल, नफा बेताचा, पण खप बारमाही.

गेल्या लग्नसराईत एक तरुण बहिणीच्या साड्या घ्यायला आला. नोटा डाव्या हाताने मोजू लागला तेव्हा आमचे लक्ष गेले. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून नव्हती. पॉवर प्रेसवर पत्रा सरकवताना गेली. आम्ही भाबडेपणाने विचारले, "हातात मोजे नव्हते का?" तो म्हणाला, "होते की चाचा."

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. भोर-वेल्ह्यातील पोरे भातलावणी झाली की शिरवळ, खेड शिवापूरकडे कामाला जातात, बहुतेक ठेकेदारामार्फत. प्रेसची डाय टनावारी दाबाने खाली येते, तिथे सुती मोजा काय करणार? तिथे हवा गार्ड, किंवा दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही अशी दोन बटणे. पण नग जास्त निघावेत म्हणून गार्ड काढला जातो आणि एक बटण बांधून ठेवले जाते. ड्रिल मशीनवर तर मोजा घातकच: फिरत्या ड्रिलमध्ये धागा अडकला की हात ओढला जातो. उलट आमच्याच धंद्यात, कापडाचे थर कापणाऱ्या उभ्या पात्याच्या मशीनवर, कापड धरणाऱ्या हातात स्टीलच्या कड्यांचा मोजा खरोखर बोटे वाचवतो. म्हणजे मोजा कुठे आणि कसला, हे पाहायला हवे. आम्ही इतकी वर्षे फक्त साइज विचारत आलो.

त्या मुलाला पन्नास हजार देऊन कागदावर सही घेतली होती. आम्ही व्यापारी माणसे, हिशोब करून पाहिला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात (२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, टक्केवारी तीच राहिली) पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची ताकद १४ टक्के गेली असे धरतात, अंगठ्याला ३० टक्के. वय २५, मजुरी १५,००० धरा. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला त्या वयाच्या २१६.९१ या गुणकाने गुणा आणि १४ टक्के काढा. दोन लाख त्र्याहत्तर हजारांवर रक्कम जाते. त्याला तिचा पाचवा हिस्सासुद्धा मिळाला नाही.

ईएसआय लागू असेल तर हा हिशोब उरत नाही. उपचार, कामावर नसतानाचे पैसे आणि कायमच्या अपंगत्वाची दरमहा रक्कम महामंडळ देते. पण त्यासाठी नाव पहिल्या दिवसापासून नोंदलेले हवे. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांतील अशा अपघातांचे अहवाल काढते. मानेसर-गुडगावकडच्या अनेक जखमींची ईएसआय कार्डे अपघातानंतर तयार झाली, असे तिला आढळले. आपल्याकडेही ज्यांचे छोटे वर्कशॉप आहे त्यांनी आपले हजेरीपुस्तक उघडून पाहावे. आम्हीही पाहिले. दुकानातल्या दोन पोरांची नावे आमच्याही वहीत नव्हती; आता घातली.

आणखी एक. तुटलेले बोट लोक सरळ बर्फात टाकतात. तसे करू नये. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि जखमीबरोबरच पुण्याला न्यावे. भोरहून पुणे पन्नास-एक किलोमीटर, आणि वाटेत ट्रॅफिक.

त्या मुलाला गावी भात कापताना विळा धरता येत नाही, असे त्याची आई सांगत होती. साड्यांचे पैसे मात्र त्याने रोख दिले.

या महिन्यापासून मोज्यांची ऑर्डर घेताना आम्ही विचारतो, कोणत्या मशीनवर लागणार? ड्रिलसाठी असतील तर देत नाही. एका गिऱ्हाइकाने तेवढ्यावरून ऑर्डर दुसरीकडे नेली.