आज्ञावली वाचणार कोण?

कारखान्यांतील स्वयंचलनाची चर्चा बेकारीपाशी येऊन थांबते. यंत्राची आज्ञावली कोणाला वाचता येते, हा प्रश्न राहूनच जातो. अमेरिकेतील मोटार कारखान्यांत पूर्वी यंत्रांचे नियंत्रण रिलेंनी खच्चून भरलेल्या कपाटांतून होई. गाडीचे मॉडेल बदलले की तारांची जुळणी नव्याने करावी लागे. १९६८ साली जनरल मोटर्सने याला पर्याय मागितला, आणि डिक मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक सिद्ध केला. बटणांचे व संवेदकांचे संकेत वाचायचे, आज्ञावलीनुसार निर्णय करायचा आणि मोटार वा झडप चालवायची, हे चक्र असा नियंत्रक अखंड फिरवीत असतो. तारांचे काम आज्ञावलीकडे गेले खरे. परंतु ती मांडली गेली शिडीसारख्या आकृतीत, कारण रिलेंच्या तशा आकृत्या वायरमनला वाचता येत होत्या. या शहाणपणाचे कौतुक फारसे कोणी केले नाही!

आज आपल्याकडे पुरवठादार हीच आज्ञावली पुष्कळदा परवलीच्या शब्दाने बंद करून ठेवतात. मग यंत्र अडले की आयटीआयमधून शिकून आलेला तंत्रज्ञ हात बांधून उभा. पाणीपुरवठ्याचे पंप अशा नियंत्रकांवर सोपविणाऱ्या नगरपालिकांनी तरी तिची उघडी प्रत निविदेतच मागून घ्यावी.