पाऊस लागायच्या आत ठरवा

ज्या घरात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचं मूल आहे, त्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरची ही विनंती आहे. बाळाला फ्लूची लस द्यायची की नाही, हे या आठवड्यात ठरवा. ‘शाळा सुरू झाल्या की बघू’ म्हणू नका. मे अर्धा सरत आला आहे आणि इथे हिशेब आठवड्यांचा आहे.

आयुष्यात पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्या बाळाला एक डोस पुरत नाही. दोन लागतात, आणि दोन्हींत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. दुसऱ्या डोसनंतर अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती यायला आणखी दोनेक आठवडे जातात. म्हणजे आज पहिली सुई टोचली तरी बाळ तयार होणार जून संपता संपता. महाराष्ट्रात फ्लूचा जोर असतो जुलै ते सप्टेंबर. जूनच्या शेवटी जे पहिला डोस घ्यायला येतात, त्यांचा अर्धा ऑगस्ट उलटून जातो, आणि तोवर घरात सर्दीतापाची एक फेरी होऊनही गेलेली असते.

फ्लू हा थंडीतला आजार, ही समजूत आपण परदेशी बातम्यांवरून उचलली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसह देशभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं तपासलेले नमुने वेगळंच सांगतात. काश्मीरसारखा भाग सोडला तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फ्लू पावसाचा हात धरून येतो. जानेवारी ते मार्चमध्ये त्याची आणखी एक, बहुधा लहान लाट येते. २०२३च्या मार्चमधला एच३एन२चा तो हटवादी खोकला अनेकांना आठवत असेल.

आणि पुणेकरांना २००९ वेगळं सांगायला नको. त्या वर्षी ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी इथेच घेतला, चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद पडलेल्या शाळा नि थिएटरं. स्वाइन फ्लूचा तो एच१एन१ विषाणू कुठे निघून गेलेला नाही. तो आता दरवर्षीचा नेहमीचा फ्लू झाला आहे, म्हणून पहिल्या पानावरून उतरला, इतकंच. २०१५मध्ये देशात तपासणीत पक्के ठरलेले ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास ३ हजार माणसं दगावली.

आता बाळांचं. फ्लू झालेली बहुतेक बाळं चार-पाच दिवस तापतात, आठवडा-दोन आठवडे खोकतात आणि बरी होतात. हे आधीच सांगून टाकते, कारण घाबरवून लस टोचायला मला आवडत नाही. पण काही बाळांचा फ्लू छातीत उतरतो, कुणाला तापात आकडी येते, कुणी दूधच सोडतं आणि शरीरातलं पाणी कमी होतं. २०१८ या एका वर्षाचा जगभरचा अंदाज असा, की पाच वर्षांखालच्या सुमारे ११ कोटी मुलांना फ्लू झाला, पावणेनऊ लाखांच्या आसपास मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि जवळपास ३५ हजार गेली. वर्षाच्या आतलं बाळ यात जास्त अडचणीत येतं. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, आणि आईकडून पोटात मिळालेलं संरक्षण पहिल्या काही महिन्यांत ओसरत जातं. कुठल्या बाळाचा फ्लू छातीत उतरणार, हे मला आधी सांगता येत नाही. धडधाकट, गुटगुटीत बाळंही त्यात असतात.

‘आमची चार पोरं बिनलशीची वाढली हो,’ एक आजी मला म्हणाल्या. सून मधल्यामध्ये अवघडून बसलेली. मी विचारलं, आजी, तुमच्या आईला किती मुलं झाली? ‘आठ.’ मग बाळाच्या टोपड्याची नाडी बांधता बांधता त्याच म्हणाल्या, ‘जगलो पाच.’ ती तीन फ्लूनेच गेली असं मी म्हणणार नाही. तेव्हा कोण कशाने जातं ते कळायचीही सोय नव्हती. पण ‘आमच्या वेळी’चा हिशेब मांडायचाच, तर तो पुरता मांडू या.

‘लस देऊनही सर्दी होतेच ना?’ होते. सर्दी-खोकल्याचे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि ही लस फक्त फ्लूच्या विषाणूंवर आहे. त्यांच्यावरही ती पोलिओच्या लशीइतकी पक्की नाही. हरियाणातल्या बल्लभगढजवळच्या गावांत मुलांना सलग तीन वर्षं ही लस देऊन मोठा अभ्यास झाला. पहिल्या वर्षी फ्लू सुमारे २६ टक्क्यांनी टळला, दुसऱ्या वर्षी ४१, तिसऱ्या वर्षी ७४. आकडे असे वरखाली होतात कारण विषाणू रूप बदलत राहतो आणि लस कधी नेमकी जुळते, कधी कमी जुळते. म्हणूनच ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. मात्र पुढच्या वर्षापासून एकच डोस पुरतो. ‘शंभर टक्के नाही तर कशाला?’ असं मला मोटारसायकलवरून हेल्मेट घालून आलेले वडीलही विचारतात.

‘लशीनेच फ्लू होतो’ हे मात्र साफ चूक. बाळांना टोचतात ती लस मारलेल्या विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होणं शक्य नाही. एक-दोन दिवस कणकण, किरकिर, टोचल्या जागी लाली किंवा दुखरेपणा, एवढं होऊ शकतं. न्यूमोकोकलच्या लशीबरोबर एकाच दिवशी दिली तर तापात आकडी येण्याची शक्यता किंचित वाढते. तरीही दोन्ही एका दिवशी देता येतात. पण बाळाला आधी कधी आकडी आलेली असेल तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना ते सांगा, दिवस वेगळे करता येतात. लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून करतात, म्हणून अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पूर्वी ती नाकारत. आता तसं नाकारत नाहीत. याच लशीच्या आधीच्या डोसने जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली असेल तर मात्र ती नको. सणकून ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा. नुसतं नाक वाहतंय म्हणून तारीख पुढे ढकलू नका. पावसाळ्याच्या तोंडावर कोरड्या नाकाचं बाळ शोधूनही सापडत नाही!

एक गफलत दर महिन्याला ऐकते. ‘इन्फ्लुएंझाची दिलीय की, कार्डावर आहे.’ कार्डावर असतं ते पेंटाव्हॅलंटमधलं हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा. तो एक जिवाणू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यालाच फ्लूचं कारण समजले आणि नाव चिकटलं ते चिकटलं. फ्लूशी त्याचा संबंध नाही. कार्ड पुन्हा एकदा उघडून बघा.

पैशांचं बोलू. ही लस सरकारी मोफत वेळापत्रकात नाही, म्हणून ती डॉक्टरांची कमाई आहे असा संशय येतो. संशय अगदीच अनाठायी आहे असं मी म्हणत नाही, आमच्या धंद्यात सगळेच साधू नाहीत. पण इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्याच मुलांना ती दरवर्षी द्यावी असं सांगते. खाजगीत एकेका डोसला हजार-दोन हजारांच्या घरात खर्च येतो, आणि पहिल्या वर्षी तो दोनदा. रोजंदारीवरच्या घराला हे झेपत नाही, हे मला दिसतं. अशा घराला माझा सल्ला सरळ आहे: आधी मोफत मिळणाऱ्या लशी एकही न चुकता पूर्ण करा. पेंटा, पोलिओ, रोटा, गोवर-रुबेला आणि २०२१पासून मोफत झालेली न्यूमोकोकलची लस. न्यूमोनियापासून ती मोठं संरक्षण देते. कार्डावर या रकान्यांत रिकाम्या जागा ठेवून फ्लूच्या लशीसाठी उसनवारी करू नका. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, हृदयाला छिद्र असेल, वारंवार धाप लागत असेल, किंवा पाळणाघरात जात असेल, तर मात्र पैसे बाजूला काढायचा नक्की विचार करा. ‘चार प्रकारांवरची’ लस हवी म्हणून जास्त पैसेही मोजू नका. बी-यामागाटा हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही, आणि तो लशीत असण्याची गरज उरली नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं आहे. तीन प्रकारांवरची पुरते.

आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ? त्याला ही लस देताच येत नाही. त्याचं रक्षण दुसऱ्यांनी करायचं. आईने गरोदरपणात लस घेतली तर तिच्या अंगातलं संरक्षण नाळेतून बाळाला मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२मध्ये गरोदर स्त्रियांना या लशीसाठी सगळ्यांच्या आधी धरलं होतं. राज्याच्या आरोग्य विभागाने गरोदर बायका आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी रुग्णालयांत ती मोफत देण्याची मोहीम यापूर्वी राबवली आहे. तुमच्याकडे आत्ता मिळते का, हे पालिकेच्या दवाखान्यात किंवा आशाताईंना विचारा. बाबा, आजी-आजोबा, बाळाला सांभाळायला येणाऱ्या मावशी, तुम्हीही घ्या. आणि खोकला असेल तर बारसं असलं तरी बाळाला घेऊ नका, पापे तर मुळीच नकोत. पाहुणे रागावतील. रागावू द्या.

लस घ्या अथवा न घ्या, एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात यायलाच हवी: श्वास मोजणं. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करा. छाती-पोटावर नजर ठेवा, घड्याळाचा सेकंदकाटा समोर धरा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास मध्येच थबकतो नि मध्येच घाई करतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असले तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, म्हणजे आपण म्हणतो तसं ‘पोट उडत’ असेल, बाळ अंगावर पीत नसेल, मलूल पडून राहत असेल, ओठ निळसर दिसत असतील, आकडी आली असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर तो कितीही असो, थांबायचं नाही. धाप लागलेल्या बाळाच्या खोलीत ओव्याची धुरी करू नका, त्या धुराने छाती आणखी आवळते. तापावर अ‍ॅस्पिरिन देऊ नका. फ्लूवर औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. मेडिकलवाल्याकडून खोकल्याची बाटली आणून तीन दिवस वाट बघणाऱ्यांचे ते तास हातातून निघून जातात.

माझं मत तुम्हाला कळलंच असेल: झेपत असेल तर लस द्या. नको असं तुम्ही ठरवलंत तरी माझ्या दवाखान्याचं दार तुम्हाला तितकंच उघडं आहे. फक्त ते ठरवून ठरवा. नवरा-बायकोने, घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन, बाळाचं कार्ड पुढ्यात ठेवून बोला. ‘बघू’ म्हणत सप्टेंबर उजाडतो.

द्यायची ठरली तर उद्याच दवाखान्यात फोन करा, कारण मेच्या शेवटी साठा संपतो आणि चार ठिकाणी फिरावं लागतं. यंदाच्या हंगामाची, दक्षिण गोलार्धासाठीची लस आहे का, हे विचारा. खोक्यावर वर्ष आणि वापरायची मुदत छापलेली असते, ती टोचण्याआधी बघायला मागा. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. स्वस्त पडते म्हणून दुकानातून घेऊन स्कूटरच्या डिकीतून आणू नका. ही लस २ ते ८ अंशांत राहावी लागते, मे महिन्यातली डिकी म्हणजे चूलच, आणि घरच्या फ्रीजरमध्ये गोठली तरी ती वाया जाते. पहिला डोस झाला की दवाखान्यातून पाय बाहेर काढायच्या आधी दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहून घ्या. पुष्कळ बाळांचा दुसरा डोस राहून जातो, आणि पहिल्या वर्षी एकट्या पहिल्याचा भरवसा धरता येत नाही. गावी जायचं निघालं, बाळ आजारी पडलं, चाराचे सहा आठवडे झाले, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ज्या दिवशी परत याल त्या दिवशी दुसरा डोस टोचून घ्या.